आत्महत्येच्या संशोधनात निकटवर्तीयांच्या मुलाखती: कोणाचा शब्द कुठवर धरायचा

आत्महत्येवरच्या संशोधनात ज्याला विचारायला हवे तोच हयात नसतो. त्याची झोप, त्याचे पिणे, त्याची देणी, त्याची भांडणे, त्याने बोलून दाखवलेले आणि मनातच ठेवलेले, या सगळ्याची चौकशी बायकोकडे, आईकडे, भावाकडे किंवा मित्राकडे करावी लागते. या पद्धतीला ‘मानसशास्त्रीय शवविच्छेदन’ किंवा सरळ ‘सायकोलॉजिकल ऑटॉप्सी’ असे म्हणतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसचे कॉरोनर (मृत्यूचे कारण अधिकृतपणे ठरवणारे अधिकारी) थिओडोर कर्फी यांच्यापुढे अशी प्रकरणे येत होती, की मृत्यू अपघाताने झाला की आत्महत्येने, हे शरीराच्या तपासणीवरून ठरत नव्हते. त्यासाठी त्यांनी एडविन श्नाइडमन, नॉर्मन फारबेरो आणि रॉबर्ट लिटमन यांची मदत घेतली आणि पद्धतीला हे नाव श्नाइडमन यांनी दिले. साधारण त्याच सुमारास सेंट लुइसमध्ये एली रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६-५७ मधल्या सलग १३४ आत्महत्यांचा अभ्यास आप्तेष्टांच्या मुलाखतींवरून केला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या कामात एकेका मृत्यूचे स्वरूप ठरवायचे होते, तर दुसऱ्यात अनेक मृत्यूंमधले समान धागे मोजायचे होते. आज आपण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे काम करतो आणि तिथे विश्वसनीयतेची अट अधिक कडक असते, कारण एका मुलाखतीतली चूक एका कुटुंबापुरती राहते, पण प्रश्नातच असलेली चूक शंभर मुलाखतींतून एकाच दिशेने वाहत जाते.

‘नातलगांवर विश्वास ठेवता येतो का?’ हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणवर्गात विचारला जातो आणि दर वेळी मला तो मोडून परत द्यावा लागतो. कोणत्या नातलगावर, कोणत्या प्रश्नासाठी आणि कोणत्या काळाबद्दल, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. नवरा रात्री उठून बसत होता का, हे बायको सांगू शकते. कामावर त्याचा अपमान झाला होता का, हे तिला बहुधा ऐकीव माहीत असते. त्याला निरर्थक वाटत होते का, याचा तिने अंदाज बांधलेला असतो. माणूस तोच आणि मुलाखत तीच, तरी तिच्या तीन उत्तरांचे वजन तीन प्रकारचे आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एक भेद आधीच स्पष्ट करून ठेवतो. विश्वसनीयता म्हणजे मोजमाप पुन्हा केल्यावर किंवा दुसऱ्याने केल्यावर तेच उत्तर मिळणे आणि वैधता म्हणजे ते उत्तर खरे असणे. दोन भाऊ एकच गोष्ट सांगतात तेव्हा विश्वसनीयता दिसते, वैधता सिद्ध होत नाही. मृत्यूनंतरच्या दिवसांत घरचे लोक एकत्र बसतात, पुन्हा पुन्हा बोलतात आणि हळूहळू सगळ्यांच्या तोंडी बसेल अशी एक हकीकत तयार होते. दोन माहितीदात्यांचे एकमत कधी कधी त्या बैठकांचे फलित असते.

पायरी १: प्रश्नांची आधी वर्गवारी करा

मुलाखतीची अनुसूची, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची यादी, हातात घेऊन प्रत्येक प्रश्नासमोर तीनपैकी एक खूण करा. पहिली खूण ‘पाहिलेले’ यासाठी, म्हणजे वजन, झोपेच्या वेळा, जेवण, दारूचे प्रमाण, कामावर जाणे-न जाणे, दवाखान्याच्या फेऱ्या. दुसरी ‘ऐकलेले’ यासाठी, म्हणजे मरणाबद्दल बोललेली वाक्ये, केलेल्या तक्रारी, सांगितलेल्या अडचणी. तिसरी ‘ताडलेले’ यासाठी, म्हणजे निराशा, अपराधीपणा, एकटेपणा, आवेगी स्वभाव, हेतू. ही वर्गवारी संशोधकांच्या गटातल्या दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि मग ताडून पाहावी. ज्या प्रश्नावर तुमच्याच दोन माणसांचे जमत नाही तो प्रश्न माहितीदात्यापुढे नेण्याआधी दुरुस्त करायला हवा.

यानंतर एक तक्ता करा. आडव्या ओळींत प्रश्न आणि उभ्या रकान्यांत नाती: जोडीदार, आईवडील, भावंडे, सज्ञान मुले, मित्र, सहकारी. प्रत्येक चौकटीत हा माणूस ही गोष्ट कोणत्या वाटेने जाणू शकतो, एवढेच लिहा. पौगंडवयातल्या मुलाबद्दल हा तक्ता भरताना गंमत कळते: शाळेतली गैरहजेरी आईवडिलांच्या रकान्यात पक्की बसते, पण नशेच्या पदार्थांची चव घेतली होती का, प्रेमात काय बिनसले होते, हे मित्राच्या रकान्यात जाते. फक्त पालकांना विचारून ‘व्यसन नव्हते’ असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासाचा दोष माहितीदात्याच्या प्रामाणिकपणात नसतो, या रिकाम्या चौकटीत असतो. आपल्या अभ्यासात ज्या चौकटी रिकाम्या राहणार आहेत त्या प्रश्नांवर निष्कर्ष काढायचा नाही, हे आराखड्यातच लिहून टाकावे. नंतर आकडे हाती आले की मोह आवरत नाही.

पायरी २: माहितीदाते कसे निवडायचे

प्रत्येक मृत व्यक्तीमागे किमान दोन माहितीदाते असावेत आणि त्यांच्या निवडीचा नियम पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेला असावा. मी स्वतः असा नियम वापरतो: एक जण शेवटच्या महिन्यात एकाच घरात राहिलेला आणि दुसरा त्या घराबाहेरचा, पण आठवड्यातून निदान एकदा बोलणे होणारा. दोघेही एकाच घरातले घेतले तर एकमत फुगते; दोघेही दूरचे घेतले तर ‘माहीत नाही’ यांचा ढीग जमतो. घरच्यांनी पुढे केलेला माणूस आणि नियमाने निवडायचा माणूस हे अनेकदा वेगळे असतात. घरातले वडीलधारे किंवा बोलके सदस्य ‘मीच सांगतो सगळं’ म्हणून पुढे बसतात आणि ज्या बहिणीला खरे ठाऊक असते ती चहा करायला आत गेलेली असते. वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांची मुलाखत घ्यावी, पण ती नियमातल्या जागी मोजू नये.

माहितीदात्याबद्दलचीही एक छोटी नोंद भरून घ्यावी: नाते, शेवटच्या तीस दिवसांत एका छताखाली काढलेल्या रात्री, शेवटची प्रत्यक्ष भेट, शेवटचा फोन, मृत व्यक्तीशी संबंध कसे होते, मृत्यूनंतर इतर नातलगांशी याबद्दल किती बोलणे झाले आणि माहितीदाता स्वतः सध्या किती खिन्न आहे. शेवटच्या दोन बाबी बहुतेक अनुसूचींत नसतात आणि त्यांचीच उणीव विश्लेषणाच्या वेळी सर्वांत जास्त जाणवते. स्वतः नैराश्यात असलेला माणूस मृत व्यक्तीच्या वागण्यात नैराश्याच्या खुणा अधिक पाहतो का, हे तपासायचे असेल तर त्याची आजची अवस्था मोजलेली असली पाहिजे.

पायरी ३: केव्हा जायचे

फार लवकर गेलात तर माणूस धक्क्यात असतो. फार उशिरा गेलात तर आठवणी कथेत मुरतात आणि घटनांच्या तारखा सरकतात. अनेक अभ्यासांनी मृत्यूनंतरचे दोन ते सहा महिने हा काळ वापरला आहे आणि व्यवहारात तो जमतोही. मात्र काळ किती गेला हा आकडा प्रत्येक मुलाखतीसाठी दिवसांत नोंदवावा, कारण ‘सहा महिन्यांच्या आत’ या शब्दांखाली साठ दिवस आणि एकशेऐंशी दिवस एकत्र झाकले जातात. मृत व्यक्तीचा वाढदिवस, पहिले वर्षश्राद्ध किंवा न्यायालयातली तारीख याच्या आगेमागे मुलाखत ठेवू नये. विमा, नुकसानभरपाई किंवा पोलिस तपास अजून चालू असेल तर तेही नोंदवावे, कारण अशा वेळी काही उत्तरांची किंमत घरच्यांसाठी पैशांत किंवा अटकेत मोजली जाणारी असते.

पायरी ४: संमती आणि माहितीदात्याची सुरक्षितता

हा भाग नैतिकता समितीच्या अर्जापुरता उरकला जातो, पण त्याचा विश्वसनीयतेशी थेट संबंध आहे. ज्याला मुलाखत मध्येच थांबवता येईल, प्रश्न गाळता येईल, याची खात्री असते तो ‘याबद्दल बोलायचं नाही’ असे सांगतो. ज्याला ती खात्री नसते तो ‘नाही, तसं काही नव्हतं’ असे म्हणून प्रश्न टाळतो. पहिल्या उत्तराने माहिती गाळली जाते, दुसऱ्याने खोटी माहिती नोंदली जाते. म्हणून ‘उत्तर देणार नाही’ हा पर्याय छापलेला असावा आणि तो सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवावा.

आत्महत्येने माणूस गमावलेल्या आप्तांना स्वतःलाही धोका असू शकतो. मुलाखतकाराने मुलाखतीच्या शेवटी त्यांच्या स्वतःच्या मनःस्थितीबद्दल, जगण्याची इच्छा उरली नसल्याच्या विचारांबद्दल सरळ विचारावे आणि असे विचार असतील तर त्याच दिवशी कोणाशी बोलणे जोडून द्यायचे, कोण सोबत थांबणार, याची व्यवस्था आधीच केलेली असावी. मृत्यूच्या पद्धतीचे तपशील मुलाखतीत मागू नयेत. ते अधिकृत नोंदींतून मिळतात आणि कुटुंबाला ती रात्र पुन्हा जगायला लावण्याची काही गरज नसते. मुलाखतकारांसाठीही आठवड्याची बैठक असावी. थकलेला मुलाखतकार नकळत प्रश्न आखडते घेतो आणि हे ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते.

पायरी ५: प्रश्न असा विचारा की वाट दिसावी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. खाली एकच विषय दोन प्रकारे विचारला आहे. संवाद रचलेला आहे, पण असे शेकडो मी ऐकले आहेत.

पहिला प्रकार:

‘तो उदास असायचा का?’

‘हो, फार.’

‘किती दिवस?’

‘बरेच दिवस.’

दुसरा प्रकार:

‘तो जाण्याआधीच्या दोन आठवड्यांतला एखादा दिवस आठवा. सकाळी तो कधी उठायचा?’

‘उठायचा कसला, झोपलेलाच नसायचा. मला तीन वाजता जाग यायची तेव्हा बाहेर बसलेला असायचा.’

‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत?’

‘चार-पाच वेळा तरी पाहिलं.’

‘त्याआधी, दिवाळीच्या सुमारास?’

‘तेव्हा नव्हतं असं. तेव्हा घोरायचा चांगला.’

दुसऱ्या संवादात लक्षण, वारंवारता, बदल आणि जाणण्याची वाट या चारही गोष्टी हाती आल्या. पहिल्यात मिळाला तो मृत्यूनंतर काढलेला एक निष्कर्ष, आणि आत्महत्या झालेल्या माणसाबद्दल ‘उदास होता का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे कोणालाही जड जाते. म्हणून प्रत्येक होकारानंतर ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ हा एक प्रश्न सक्तीचा करा आणि त्याच्या उत्तरासाठी अनुसूचीत वेगळी चौकट ठेवा: पाहिले, त्याच्याकडून ऐकले, दुसऱ्याकडून ऐकले, नंतर कळले, वाटते. ‘नंतर कळले’ ही चौकट विसरू नका. कपाटात सापडलेली औषधे किंवा फोनमधले संदेश यांमुळे माहिती खरी असू शकते, पण ती माहितीदात्याची आठवण नसते.

‘माहीत नाही’ आणि ‘नव्हते’ या दोन उत्तरांची सरमिसळ हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा निष्काळजीपणा आहे. संगणकात भरताना दोन्हीला शून्य दिले जाते आणि दूरच्या माहितीदात्यांच्या मुलाखतींत मृत व्यक्ती अचानक निरोगी दिसू लागते. दोन्हींना वेगळे संकेतांक द्या आणि ज्या प्रश्नाला पाचपैकी एकाहून अधिक माहितीदाते ‘माहीत नाही’ म्हणतात त्याकडे थांबून पाहा; तो प्रश्न बहुधा चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. पाचपैकी एक ही माझी सवयीची मर्यादा आहे, तिला शास्त्राचा आधार नाही.

भाषेबद्दलची माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कामात एक बाई दर तीन वाक्यांत म्हणत होती, ‘त्यांना फार टेन्शन होतं’, आणि मी त्याची नोंद चिंताविकाराच्या लक्षणांखाली करत गेलो. काही महिन्यांनी दुसऱ्या सहकाऱ्यासाठी ते मुद्रण पुन्हा ऐकताना लक्षात आले, की तिच्या बोलण्यात ‘टेन्शन’ म्हणजे सावकाराचा तगादा होता. नवऱ्याच्या छातीतली धडधड किंवा अस्वस्थता तिने एकदाही सांगितली नव्हती. तेव्हापासून ‘टेन्शन’, ‘डोकं फिरणं’, ‘मन न लागणं’, ‘स्वभाव तापट’ असे शब्द आले की ‘म्हणजे तो काय करायचा?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्याकडे पुढे जात नाही. प्रश्नावली दुसऱ्या भाषेतून आणलेली असेल तर उलट भाषांतर, म्हणजे मराठी प्रश्नांचे मूळ भाषेत पुन्हा भाषांतर, करून घ्यावेच, पण तेवढ्यावर थांबू नये. पाच-सहा सामान्य वाचकांना प्रश्न वाचून दाखवून ‘यात तुम्हाला काय विचारलं आहे?’ असे विचारावे. उलट भाषांतरात नीट उतरलेले वाक्य बोलीत भलताच अर्थ देऊ शकते.

तारखांसाठी थेट ‘केव्हा?’ न विचारता आधी शेवटच्या वर्षाची एक पट्टी कागदावर आखावी, तिच्यावर सण, परीक्षा, लग्ने, आजारपणे, नोकरीतले बदल मांडावेत आणि मग लक्षणे त्यांच्या मागेपुढे बसवावीत. मोठ्या घटना आहेत त्यापेक्षा जवळच्या वाटतात आणि शोकात असलेला माणूस कारण म्हणून जे शोधतो ते मृत्यूच्या आणखी जवळ सरकते. भांडण मृत्यूच्या आदल्या दिवशी झाले की तीन आठवड्यांपूर्वी, याने सगळा अर्थ बदलतो.

पायरी ६: मुलाखत घेताना

दोन माहितीदात्यांच्या मुलाखती वेगळ्या खोलीत, शक्य तर एकाच दिवशी आणि दोन वेगळ्या मुलाखतकारांनी घ्याव्यात. एकाच मुलाखतकाराने दोन्ही घेतल्या तर दुसऱ्या मुलाखतीत त्याचे प्रश्न पहिलीची उत्तरे शोधत फिरतात. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटे माहितीदात्याला त्याच्या क्रमाने बोलू द्यावे. या मुक्त निवेदनात न विचारता आलेल्या गोष्टी वेगळ्या खुणेने नोंदवाव्यात, कारण विचारल्यावर आलेल्या होकारापेक्षा त्यांचे वजन जास्त असते. त्यानंतरच ठरलेले प्रश्न.

घरचे लोक हमखास विचारतात, ‘मग तुम्हाला काय वाटतं, कशामुळे केलं असेल?’ याचे उत्तर मुलाखतकाराने देऊ नये. त्याला ते माहीत नसते, आणि त्याने जे म्हटले ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्या माहितीदात्याकडे पोहोचते व त्याच्या मुलाखतीत साक्ष म्हणून परत येते. ‘आम्ही अजून सगळ्यांशी बोलतो आहोत, एका बोलण्यावरून सांगणं बरोबर होणार नाही’ एवढे म्हणून थांबावे.

पायरी ७: तुलना-गटालाही त्याच वाटेने विचारा

आत्महत्या झालेल्यांची माहिती नातलगांकडून आणि तुलना-गटातल्या जिवंत माणसांची त्यांच्या स्वतःच्या तोंडून घेतली, तर दोन गटांतला फरक माणसांमधला आहे की माहितीच्या वाटेतला, हे सांगता येत नाही. म्हणून जिवंत तुलना-व्यक्तींबद्दलही त्यांच्या नातलगांना विचारावे. त्याचा एक मोठा फायदा असा, की त्या व्यक्तीची स्वतःचीही मुलाखत घेता येते आणि ‘दुसऱ्याने सांगितलेले’ व ‘स्वतः सांगितलेले’ यांची थेट तुलना करता येते. केनेथ कॉनर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हीच कल्पना वेगळ्या प्रकारे वापरली: आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेले, ५० वर्षे आणि त्यावरील रुग्ण व त्यांचे निकटवर्तीय, दोघांनाही विचारले.

तरीही शोकाचा फरक उरतो. जिवंत माणसाच्या भावाला त्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याची निकड नसते. मृताच्या भावाला ती दिवसरात्र असते. यावर उपाय म्हणून अपघाती मृत्यू झालेल्यांचा तुलना-गट घेता येतो. मायकेल फिलिप्स यांच्या गटाने चीनमधल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५१९ आत्महत्यांची तुलना इतर इजांनी झालेल्या ५३६ मृत्यूंशी केली. तिथे दोन्ही बाजूंचे माहितीदाते शोकात होते. आत्महत्येनंतरचा शोक आणि अपघातानंतरचा शोक सारखे नसतात हे खरे, पण अंतर बरेच कमी होते.

पायरी ८: विश्वसनीयता मोजणे

चार वेगवेगळ्या गोष्टी मोजता येतात आणि लेखात बहुधा त्यांतली सर्वांत सोपी तेवढी छापली जाते. एकाच ध्वनिमुद्रणावरून दोन मुलाखतकारांनी केलेली नोंद जुळते का, ही ती सोपी गोष्ट. तिचा आकडा नेहमीच चांगला येतो, कारण तिथे माहितीदाता एकच असतो. तोच माहितीदाता पुन्हा तेच सांगतो का, ही दुसरी. दोन माहितीदाते एकमेकांशी जुळतात का, ही तिसरी. माहितीदात्यावरून काढलेले निदान मृत्यूपूर्वीच्या वैद्यकीय नोंदींशी किंवा जिवंत व्यक्तीच्या स्वतःच्या उत्तरांशी जुळते का, ही चौथी, आणि ती वैधतेच्या जवळ जाते. केली आणि मान यांनी १९९६ मध्ये नातलगांवरून काढलेल्या निदानांची तुलना उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आधी केलेल्या निदानांशी केली, तेव्हा मुख्य मानसिक विकारांसाठी ‘कप्पा’ (योगायोगाचे एकमत वजा करून उरणाऱ्या जुळणीचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.८५ आला आणि व्यक्तिमत्त्व-विकारांसाठी ०.६५. हा उतार अपेक्षितच आहे, कारण व्यक्तिमत्त्व-विकाराचे निकष बव्हंशी ताडलेल्या गोष्टींचे असतात. मात्र ज्यांना उपचार मिळाले होते त्यांच्याच बाबतीत अशी तुलना होऊ शकते, आणि त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरांच्या तोंडून आजाराचे नाव आधीच ऐकलेले असते, हे हा आकडा वाचताना विसरू नये.

दुसऱ्या मापासाठी, म्हणजे तोच माहितीदाता पुन्हा तेच सांगतो का हे पाहण्यासाठी, पूर्ण मुलाखत पुन्हा घेण्याच्या मी विरोधात आहे. एका गुणांकासाठी आईला तीन आठवड्यांत दोनदा तेच सांगायला लावणे योग्य नाही. दहा-बारा कमी क्लेशकारक प्रश्न फोनवर, संमती घेऊन, पुन्हा विचारले तर काम भागते.

आता कप्पा. समजा ६० मृत व्यक्तींबद्दल दोन माहितीदात्यांना नैराश्याची लक्षणे विचारली. दोघांचा होकार १८ वेळा, दोघांचा नकार २७ वेळा, फक्त पहिल्याचा होकार १० वेळा आणि फक्त दुसऱ्याचा ५ वेळा आला. एकमत ६० पैकी ४५, म्हणजे ०.७५. पहिल्याचे एकूण होकार २८ आणि दुसऱ्याचे २३, त्यावरून निव्वळ योगायोगाने अपेक्षित एकमत (२८ × २३ + ३२ × ३७) ÷ ३६०० = ०.५१ इतके येते. मग कप्पा = (०.७५ − ०.५१) ÷ (१ − ०.५१), म्हणजे सुमारे ०.४९. टक्केवारीत ऐटदार वाटणारे एकमत योगायोग वजा केल्यावर मध्यम उरते.

दुसरा प्रश्न एखाद्या विरळ लक्षणाचा घ्या: दोघांचा होकार १, दोघांचा नकार ५३, एकाचाच होकार ३ आणि ३. एकमत ०.९०, पण कप्पा फक्त ०.२० च्या आसपास. इथे पद्धत ढासळली असे म्हणणेही चूक आणि ९० टक्के एकमत छापून मोकळे होणेही चूक. होकारांपुरते एकमत वेगळे काढा: दुप्पट सामाईक होकार भागिले दोघांचे एकूण होकार, म्हणजे २ ÷ ८ = ०.२५. पहिल्या उदाहरणात तेच ३६ ÷ ५१ = ०.७१ येते. या दुसऱ्या लक्षणावर तुमच्या माहितीदात्यांपैकी कोणाचाही एकटा होकार पुरेसा नाही, हे त्यातून थेट कळते. श्रेणीमापनाच्या प्रश्नांसाठी साधा सहसंबंध वापरू नये. एक माहितीदाता सतत पाच गुण जास्त देत असेल तरी सहसंबंध पूर्ण दिसतो. तिथे संपूर्ण जुळणी मोजणारा अंतर्वर्ग सहसंबंध गुणांक काढावा.

हे सगळे प्रश्नागणिक आणि नात्याच्या जोडीगणिक मांडावे. जोडीदार-आई ही जोडी आणि जोडीदार-मित्र ही जोडी एकाच सरासरीत ओतली की पहिल्या पायरीतला तक्ता करण्याचा काही उपयोग राहत नाही.

पायरी ९: न जुळणाऱ्या उत्तरांचे काय करायचे

दोघांतले एक उत्तर निवडण्याचे तीन रूढ मार्ग आहेत: कोणा एकाचा होकार पुरे मानणे, दोघांचा होकार मागणे, किंवा तज्ज्ञांच्या गटाने दोन्ही मुलाखती व कागदपत्रे वाचून एकमताने ठरवणे. मागच्या उदाहरणातल्या ६० जणांत पहिल्या मार्गाने नैराश्याची लक्षणे ३३ जणांत, म्हणजे ५५ टक्क्यांत निघतात आणि दुसऱ्या मार्गाने १८ जणांत, म्हणजे ३० टक्क्यांत. माणसे तीच, मुलाखती त्याच. जोनाथन कॅव्हना आणि सहकाऱ्यांनी २००३ च्या आढाव्यात तोवरच्या अभ्यासांतले मानसिक विकाराचे मध्यक प्रमाण ९१ टक्के दाखवले. फिलिप्स यांच्या अभ्यासात ते ६३ टक्के होते आणि वेल्लोरजवळच्या ग्रामीण भागातल्या २०१० च्या अभ्यासात ३७ टक्के. या तफावतीत समाजांमधला खरा फरक किती आणि विचारण्याच्या व जुळवण्याच्या पद्धतीचा वाटा किती, हे प्रत्येक अभ्यासाचा नियम उघड असल्याशिवाय बोलता येत नाही. हेल्मलँड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तर मृत्यूनंतर नातलगांवरून मानसिक निदान करण्याच्या मुळावरच आक्षेप घेतला. मला तो आक्षेप ताडलेल्या निकषांपुरता रास्त वाटतो, पाहिलेल्या गोष्टींपुरता अतिरेकी.

तज्ज्ञांचा मार्ग मला पसंत आहे, मात्र दोन अटींवर. त्यांच्या हाती जाणाऱ्या टिपणातून मृत्यू कसा झाला आणि व्यक्ती कोणत्या गटातली आहे हे कळण्याजोगे सगळे उल्लेख काढलेले असावेत, आणि प्रत्येक विधानाशेजारी ती माहिती पाहिलेली, ऐकलेली की ताडलेली याची खूण असावी. पहिली अट पूर्णपणे कधीच पाळली जात नाही. तज्ज्ञांना निकालाआधी ‘ही व्यक्ती कोणत्या गटातली वाटते?’ असे विचारून ठेवा. निम्म्याहून बऱ्याच अधिक वेळा ते बरोबर ओळखत असतील तर झाकण गळते आहे, आणि किती गळते आहे तेही आकड्यात मिळते.

न जुळणारी उत्तरे पुसून टाकू नका. बायको म्हणते तो झोपत नव्हता आणि फोनवर बोलणारा मित्र म्हणतो तो मजेत होता, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. त्याने मित्रापासून लपवले, ही स्वतःच एक माहिती आहे आणि ती एका ‘हो’ किंवा ‘नाही’ मध्ये मावत नाही. आम्ही अशा नोंदींसाठी ‘कोणासमोर’ नावाचा एक जास्तीचा स्तंभ ठेवतो.

पायरी १०: लेखात काय लिहायचे

पद्धतीच्या भागात पुढील गोष्टी वाचकाला सापडल्या पाहिजेत: किती मृत व्यक्तींमागे दोन माहितीदाते मिळाले आणि किती जणांमागे एकच, कोणी नकार दिला आणि नकार देणाऱ्या कुटुंबांतल्या मृत व्यक्ती वय-लिंगाने वेगळ्या होत्या का, नात्यांची वाटणी दोन्ही गटांत सारखी होती का, मृत्यू ते मुलाखत अंतराचा मध्यक आणि पल्ला, उत्तरे जुळवण्याचा नियम आणि तो केव्हा ठरला. मुख्य निष्कर्ष ठरलेल्या नियमाने द्यावा आणि त्याशेजारी ‘कोणाही एकाचा होकार’ व ‘दोघांचा होकार’ या दोन नियमांनी आलेले आकडे द्यावेत. तिन्हींत दिशा तीच राहिली तर वाचक निर्धास्त होतो. एकात दिशा उलटली तर तो निष्कर्ष गोषवाऱ्यात जाऊ नये, मग प्रमुख संशोधकाला तो कितीही आवडलेला असो.